दाढेतला स्क्रू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, पिना, कुणाचं काय असेल ते. तेवीस वर्षं लोखंड कातून पोट भरतोय. दात मात्र मोडला तो मटणाच्या नळीने. रविवारची दुपार, घरी तांबडा-पांढरा, आणि मी नळी डाव्या दाढेखाली धरून दाबली. कट् असा आवाज आला. मला वाटलं, फुटली एकदाची. नळी शाबूत होती.

त्या दाढेचं सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं होतं आणि वर कॅप बसवायची मी आज-उद्या करत टाळली होती. दोष कुणाला द्यायचा? डॉक्टर मॅडमनी एक्स-रे बघितला आणि सांगितलं, "काका, मुळालाच उभी चीर गेलीय. ही वाचत नाही." मग पर्याय. शेजारचे दोन चांगले दात घासून त्यांच्यावर पूल टाकायचा, काढता-घालता दात करायचा, किंवा इम्प्लांट. घासायचं म्हटल्यावर माझा जीव कळवळला. चांगला जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, उगाच कुणी कातत नाही. इम्प्लांट काय असतं विचारलं, तर त्यांनी ड्रॉवरमधून नमुना काढून हातावर ठेवला.

स्क्रू. सरळ सरळ स्क्रू, टायटॅनियमचा. चार मिलिमीटरच्या आसपास जाडी, दहा लांबी, बाहेरून आटे, आत षटकोनी खाच. मी सवयीने तो उजेडात धरून फिरवला आणि किंमत विचारली. वरच्या दातासकट सगळं मिळून पस्तीस हजार. म्हटलं, "मॅडम, ड्रॉइंग द्या. तीनशे रुपयांत करून देतो."

त्या हसल्या. म्हणाल्या, "कोल्हापुरात दवाखाना घातल्यापासून हे वाक्य मला दर महिन्याला ऐकायला मिळतं."

दाढ काढायच्या दिवशी पहिला पेच पडला, आणि तो माझ्यामुळे नाही, आईमुळे. दाढ निघाली की खड्ड्याच्या कडेचं हाड खचतं, म्हणून त्यात हाडाचा चुरा भरायचा म्हणाल्या. कसलं हाड? तर बाजारात जास्त वापरला जाणारा चुरा गाईच्या हाडापासून करतात. त्यातलं सगळं सेंद्रिय काढून टाकलेलं असतं, उरतो फक्त खनिजाचा सांगाडा. मॅडमनी हे स्वतःहून सांगितलं, कागदावर सही घ्यायच्या आधी, हे मला आवडलं. मी मटण खाणारा माणूस, पण गाय म्हटल्यावर आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. घरी फोन लावला. आई म्हणाली, "तसलं काही तोंडात भरून घरात येऊ नकोस."

मग कृत्रिम चुरा निवडला. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. दोन्ही कॅल्शियम-फॉस्फरसचेच, पण पहिलं शरीरात फार हळू विरतं, दुसरं लवकर. लवकर विरणारं नव्या हाडाला जागा करून देतं, हळू विरणारं तोवर खड्डा धरून ठेवतं. सेंटरिंगच्या फळ्या काढायच्या आधी स्लॅब पक्का व्हायला हवा, तसाच हिशेब. वर टाके घातले ते आपोआप विरघळणारे. हे धागे कुठले म्हणून विचारलं, तर तेही कृत्रिमच. शरीरातलं पाणीच त्यांच्या साखळ्या तोडतं. पूर्वीचा विरघळणारा धागा जनावरांच्या आतड्याचा असायचा. हे आईला सांगितलं नाही. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन १९७९ सालचं आहे.

चार महिने थांबायचं होतं. त्या काळात दिवाळी आली आणि भाचा आला. तो बायोमेडिकलमध्ये एम. टेक. करतो. आजवर माझ्या दृष्टीने त्याचं शिक्षण म्हणजे दवाखान्याची मशीन दुरुस्त करणं. त्याला मी ऐटीत म्हटलं, "टायटॅनियम शरीराला चालतं, मग पाइपपासून विमानापर्यंत जे टायटॅनियम आहे ते सगळं चालेल. एवढं काय त्यात?"

"मामा, असा कुठला धातू शरीराला 'चालणारा' नसतो," तो म्हणाला. "कुठे बसवलाय, तिथे काय काम करतोय, किती दिवस, त्यावर ठरतं." १९८६ साली इंग्लंडात चेस्टरला या विषयातली मंडळी जमली होती. तिथे ठरलेली व्याख्या ते अजून पहिल्या वर्षाला शिकतात. ठरावीक उपयोगात, शरीराचा योग्य प्रतिसाद मिळवत, आपलं काम करण्याची क्षमता म्हणजे जैवसुसंगती. 'प्रतिसाद नाही' असं त्यात म्हटलेलं नाही. 'योग्य प्रतिसाद' म्हटलंय. मला तेव्हा हा शब्दांचा कीस वाटला.

मग त्याने टेफ्लॉनची गोष्ट सांगितली. इंग्लंडात राइटिंग्टन नावाच्या इस्पितळात जॉन चार्नली म्हणून सर्जन होते. खुब्याचा सांधा बदलायची पद्धत त्यांनी बसवली. १९५८ च्या सुमारास त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन घेतलं. कशाला चिकटत नाही, कशाशी रासायनिक भांडत नाही, घसरतं तर असं की विचारू नका. कागदावर याच्याहून चांगला माल नाही. तीनेकशे रुग्णांना बसवलं. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, आणि त्या झिजेचा जो बारीक भुगा झाला त्याने भोवतीचं मांस आणि हाड खराब केलं. स्वतःच्या हाताने बसवलेले सांधे चार्नलींना स्वतःच काढावे लागले. टेफ्लॉन आणि पुढचं प्लॅस्टिक, दोन्हींचे नमुने त्यांनी आपल्याच मांडीत घालून बघितले. टेफ्लॉनवर मांडी चिडली, नव्यावर नाही. ते नवं म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन. १९६२ च्या नोव्हेंबरात ते पहिल्यांदा वापरलं. एक विक्रेता ते घेऊन आला होता, कापडाच्या मागाच्या गिअरसाठी.

"मागाच्या?" मी विचारलं. इचलकरंजीत माझा चुलत भाऊ यंत्रमागवाला आहे. त्याच्याकडे माग चालताना धोटा मारणारे जे पांढरे पिकर असतात ना, ते त्याच प्लॅस्टिकचे. दिवसभर दणादण मार खातात आणि झिजत नाहीत. आता मात्र मी सरसावून बसलो. कारण माल निवडताना आम्हीही 'ताकद किती' विचारतो, 'झिजेल तेव्हा भुगा कुठे जाईल' असं कुणी विचारत नाही. शाफ्टची झीज ऑइलबरोबर निघून जाते. सांध्यातली कुठे जाणार?

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "असलं प्लॅस्टिक-बिस्टिक अंगात घालायचं म्हणजे..." भाच्याने आजीला सांगितलं, तुझ्या मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलंय तेही प्लॅस्टिकच आहे. असलं पहिलं भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला बसवलं, आणि ते विमानाच्या काचेसाठी वापरत त्या अ‍ॅक्रिलिकचं होतं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात त्या काचेचे तुकडे शिरले, पण डोळे त्यावर फारसे चिडले नाहीत, हे रिडलींच्या लक्षात आलं होतं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "विमानाचं असू दे. गाईचं नाही ना?"

स्क्रू बसवायच्या आधी स्कॅन झाला. खालच्या जबड्यातून नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी लांब राहायचं असतं. साखर तपासली, तीन महिन्यांची सरासरी. तंबाखूचं विचारलं. मी "कधीतरी" म्हणालो आणि बायकोने माझ्याकडे बघितलं. मॅडमनी सांगितलं, बसवण्याआधी आणि नंतर तीन महिने डबी घरी ठेवायची नाही, कारण तंबाखूने तिथला रक्तपुरवठाच कमी होतो. डबी मी वर्कशॉपमधल्या पोराकडे दिली. त्याने ती संपवली, पण तो वेगळा विषय.

बसवण्याचा दिवस. सुई दिली, जबडा बधिर झाला आणि ड्रिलिंग सुरू झालं. दुखत काही नव्हतं, त्यामुळे माझं सगळं लक्ष आवाजाकडे. सुरुवात दोन मिलिमीटरच्या ड्रिलने, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड. शेवटचं ड्रिल स्क्रूपेक्षा थोडं बारीक, म्हणजे स्क्रू जाताना स्वतःचे आटे पाडत जाणार. हे सगळं ओळखीचं. ओळखीचं नव्हतं ते दोन गोष्टींचं. वेग फार कमी होता, मिनिटाला आठशे फेरे. आणि कूलंट! सलाइनची थंड धार एकसारखी. मी ड्रिलिंगला कूलंट मारतो ते टूल वाचावं म्हणून. इथे जॉब वाचवायचा असतो. नंतर मॅडमनी सांगितलं, हाड ४७ अंशाला एक मिनिट राहिलं तरी त्याचं नुकसान होतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९८३ मध्ये सशांच्या जिवंत हाडात बघून हा आकडा काढला. ४७ अंश म्हणजे आपण पितो त्या चहापेक्षाही थंड. ड्रिल बोथट असेल किंवा हात जड पडला, तर भोक दिसायला झकास होतं आणि भिंत मेलेली असते. मेलेल्या भिंतीत स्क्रू घट्ट बसतो. काही आठवड्यांनी हलायला लागतो.

स्क्रू सीलबंद कुपीत आला. मॅडमनी तो हाताने शिवला नाही, टाचणीसारख्या ड्रायव्हरने कुपीतून थेट तोंडात. तो चकचकीत नव्हता. राखाडी, मळकट, सँडब्लास्ट केल्यासारखा. सँडब्लास्टच केलेला असतो म्हणे, आणि वर अ‍ॅसिडमध्ये बुडवलेला. माझी हयात गेली फिनिश आणण्यात. गिऱ्हाईक नख फिरवून बघतं आणि परत पाठवतं. इथे पैसे देऊन खरबरीत करतात, कारण एक-दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्या खाचाखोचांत हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळते. गुळगुळीत स्क्रूलाही हाड धरतं, पण सावकाश.

टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, तोंडात जाईल एवढा छोटा. ३५ ला क्लिक झाला. मला वाटलं ३५ न्यूटन-मीटर. नाही, न्यूटन-सेंटिमीटर. माझ्या हिशेबात ०.३५. एवढ्याने मी झाकणही घट्ट करत नाही.

मग त्यांनी स्क्रूच्या डोक्यात एक छोटी खुंटी बसवली, जवळ एक पेनासारखं यंत्र धरलं, आणि आकडा आला: ७२. शंभरपैकी. खुंटीला न शिवता ती किती थरथरते त्यावरून स्क्रू किती पक्का बसलाय ते कळतं. आम्ही जॉबवर हातोडी वाजवून आवाज ऐकतो, त्याचीच शहाणी आवृत्ती. ७२ चांगला, म्हणाल्या. वर टोपी बसवली, फाइलमध्ये लॉट नंबरचा स्टिकर चिकटवला आणि दुसरा स्टिकर माझ्या कार्डावर. हे कार्ड जपून ठेवायचं. उद्या त्या लॉटमध्ये काही निघालं तर माझ्या दाढेपर्यंत माग लागायला हवा.

तिसऱ्या आठवड्यात मी माती खाल्ली. म्हणजे भडंग खाल्लं. जयसिंगपूरहून पाहुणे घेऊन आले होते. दुखत तर काही नव्हतं, म्हणून डाव्या बाजूने दोन मुठी मस्त चावून खाल्लं. रात्री त्या जागी जीभ लागली की कसंतरी वाटायला लागलं. चौथ्या आठवड्याला तपासणी होती. खुंटी बसवली, आकडा आला ६४.

माझा घसाच कोरडा पडला. आठ अंक खाली. म्हटलं संपलं, पस्तीस हजार भडंगात गेले. भडंगाचं कबूल केलं. मॅडम रागावल्या, पण घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "भडंग नसतं खाल्लं तरी आकडा उतरलाच असता, थोडा कमी इतकंच. काका, पहिल्या दिवशी तो घट्ट होता तो तुमच्या पद्धतीने. आता शरीराच्या पद्धतीने व्हायचाय."

झालं असं होतं, आणि हे कळायला मला भाच्याला दोन फोन करावे लागले. पहिल्या दिवशी स्क्रू पक्का असतो तो निव्वळ प्रेस फिटने. हाडात कोंबलाय म्हणून घट्ट. पण कोंबल्यामुळे दबलेलं ते हाड शरीर तसंच ठेवत नाही. हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि ते काढून टाकतात. मागून हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि नवं घालतात. जुनी पकड सुटतेय, नवी अजून धरलेली नाही, अशी मधली गल्ली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. दुखत नसतं, जखम भरलेली दिसते, आणि नेमका तेव्हाच स्क्रू सगळ्यात नाजूक. त्या दिवसांत तो साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला तर तिथे हाड तयारच होत नाही, मऊ पडदा तयार होतो. पडदा झाला की विषय संपला. पुन्हा घट्ट करून काही होत नाही.

१५० मायक्रॉन म्हणजे माझ्या डायलची, माप घ्यायच्या काट्याच्या तबकडीची, पंधरा घरं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये डायल लावून बघितली, पंधरा घरं म्हणजे नेमकं किती ते डोळ्यांना कळावं म्हणून. शाफ्ट पंधरा घरं हलला तर मी जॉब फेकून देतो. आणि त्याच मापाची सूट हाड देतं. माझ्याएवढंच कडक आहे की.

आणि टायटॅनियमच का? तोवर मला वाटायचं गंजत नाही म्हणून. गंज न येणारं स्टीलही आहे. भाच्याचं म्हणणं, टायटॅनियम मुळात फार हावरा धातू आहे. हवा लागली की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर येतो, ओरखडा पडला तरी लगेच परत येतो. पेशींची गाठ पडते ती त्या थराशी, धातूशी नाही. हा हावरेपणा मला हातांनी ठाऊक आहे. एकदा एका गिऱ्हाइकाचे टायटॅनियमचे चार पीस केले होते. माल टूलच्या टोकाला चिकटत होता, उष्णता बाहेर सोडत नव्हता, आणि बारीक चिप्सनी ट्रेमध्ये पेट घेतला होता. वाळू टाकून विझवलं. मशीनवर ज्या गुणाने मला रडवलं, तोच गुण जबड्यात उपयोगी पडतो.

हाड टायटॅनियमला असं धरतं हे कळलंसुद्धा अडचणीतूनच. १९५२ मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून तिच्यातून सूक्ष्मदर्शक लावलेला. प्रयोग संपल्यावर नळी महागाची, म्हणून काढून परत वापरायची होती. निघेना. हाड तिच्यात उतरून बसलं होतं. पहिला दातांचा रुग्ण यायला १९६५ उजाडलं, आणि जगभरच्या दंतवैद्यांनी मनावर घ्यायला आणखी पंधराएक वर्षं.

बाराव्या आठवड्यात आकडा ७६. मी खुर्चीतच हात जोडले.

वरचा दात झिर्कोनियाचा, म्हणजे एका टणक पांढऱ्या सिरॅमिकचा. तो बनतो त्या लॅबमध्ये मी मुद्दाम गेलो, मॅडमची ओळख सांगून. खडूसारखी पांढरी चकती मशीनमध्ये लावून दात कातत होते, आणि तो हव्या त्या मापापेक्षा चांगला पाचव्या हिश्श्याने मोठा. विचारलं तर म्हणाले भट्टीत पंधराशे अंशाला आटतो. आमच्याकडे शिरोलीच्या फाउंड्रीत साचे करणारे बीडासाठी, म्हणजे ओतीव लोखंडासाठी, शेकडा एकाच्या आसपास आट धरतात, आणि तेवढ्यावरही भांडणं होतात. हे वीस टक्क्यांहून जास्त धरून तोंडात बसेल असं माप काढतात. त्या पोरांना मी चहा पाजला. झिर्कोनिया फुटत का नाही याचंही कारण मजेशीर आहे. चीर पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक रूप बदलून सुमारे चार टक्क्यांनी फुगतात आणि चिरेला दाबून धरतात.

दात बसवताना निळा कागद चावायला दिला. मला दोन्ही बाजूंनी सारखा डाग हवा होता, पण मॅडमनी इम्प्लांटचा दात किंचित हलका ठेवला. खऱ्या दाताखाली मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची गादी असते, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. चावलं की दात जरा खाली जातो. माझ्या स्क्रूला गादी नाही, हाडाशी थेट गाठ. सारखाच ठेवला तर जोरात चावताना सगळा भार त्याच्यावरच. शिवाय त्या गादीतच दाबाची जाणीव असते. खडा आला की खरा दात लगेच कळवतो. हा कळवत नाही.

शेवटी दाताच्या मधल्या भोकातून स्क्रू आवळला, आणि ते भोक बुजवायला मॅडमनी पांढरी पट्टी कापून आत भरली, वर दाताच्या रंगाचं सिमेंट. मी ती पट्टी ओळखली. नळाच्या आट्यांना गुंडाळतो तीच, टेफ्लॉन टेप.

"मॅडम, टेफ्लॉन?" मी तोंड उघडं ठेवूनच विचारलं. तीनशे खुबे डोळ्यांसमोर आले.

"इथे त्याला घासायचंय कुणाशी?" त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक माणूस आला होता. दातांचे स्क्रू करून द्याल का म्हणाला, टायटॅनियम तो देणार, कागदपत्रं नंतर बघू. मी त्याला विचारलं, धुण्याचं काय, आट्यांत अडकलेलं कूलंट आणि ब्लास्टिंगची वाळू कशी काढणार, आणि आयएसओ १०९९३ च्या, म्हणजे माल शरीराला चालतो का ते बघायच्या, चाचण्या तयार मालावर कोण करणार? भाच्याकडून उचललेले प्रश्न. सळीचं सर्टिफिकेट सळीपुरतंच, माझ्या मशीनवरून उतरल्यावर तो वेगळा माल झाला. त्याने चहा अर्धा ठेवला. पोरगा म्हणाला, "मालक, चांगली ऑर्डर घालवली." असेल.

परवाच्या रविवारी पुन्हा तांबडा-पांढरा होता. नळी वाटीत आली. सगळे माझ्याकडे बघत होते, आईसुद्धा. मी ती उचलली, डावीकडे नेली, मग उजवीकडे नेली, आणि शेवटी उखळात घालून बत्त्याने फोडली.